हिवाळ्यात बुडणारे बारा गुंठे

सोलापूर जिल्ह्यात दर हिवाळ्यात पूर येणारी जमीन बारा गुंठे आहे, आणि ती आमची आहे.

हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग "सोलापुरात?" असं विचारतो आणि मग माझ्याकडं जरा काळजीनं बघतो. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. आमच्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस टाळून साखरपुडे ठरतात. पाहुणा पाणी पिऊन उठला की तांब्यात किती उरलं ते हळूच बघितलं जातं (मी बघते). अशा गावात भर थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना आपली वांगी बुडाली म्हणून सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? त्यातून मी शाळेत भूगोल शिकवते!

जमीन मीच पसंत केली होती. मंगळवेढा रस्त्याला, कॅनॉलच्या अगदी कडेला. मे महिन्यात बघायला गेलो तेव्हा मातीला हात घालता येईल एवढ्या भेगा होत्या. चारी बाजूंनी उंच आणि मधे बशीसारखी खोलगट. ती बघून मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, किती छान आहे! वारा लागणार नाही रोपांना." आमचे बसवराज चादरींचे दुकानदार. चादर हाताला लावून सूत ओळखतील, पण जमिनीतलं त्यांना काही कळत नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला. विकणारा गृहस्थ तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, हितं पाण्याला मरण न्हाय!" तो काही खोटं बोलला नाही.

पाऊसकाळ नेहमीसारखा कोरडा गेला. दिवाळीपर्यंत बाग अशी फुलली, की मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत रोज एकेकाला वांगी वाटत होते आणि सेंद्रिय खतावर न विचारता बोलत होते. मग एके दिवशी रब्बीसाठी कॅनॉलला पाणी सुटलं. कॅनॉल जुना, त्याच्या पोटातून पाझर सुरू झाला, आणि आमच्या बशीत चहा ओतावा तसं पाणी भरलं. शेजारचे सिद्राममामा बांधावर उभे राहून म्हणाले, "हितं दर साली असंच की! तुमाला म्हायीत न्हवतं व्हय?"

माहीत असतं तर मी भेंडीऐवजी कमळं लावली असती! दुसऱ्या वर्षी मी वाफे उंच केले. पाणी त्याहून उंच झालं. वाफ्यांची माती विरघळून गेली आणि माझी कोथिंबीर मामांच्या रानात जाऊन उगवली. (चांगली आली होती. त्यांनी एक जुडी आणून दिली.)

इथवर हा माझा आणि वांग्यांचा प्रश्न होता. पण तिसऱ्या वर्षी मी अव्वांना शब्द दिला, आणि मग मात्र सगळ्याला वेगळंच वळण लागलं.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर आणि सासर दोन्ही अक्कलकोटकडचं, त्यामुळं रागावतात मराठीत आणि माया करतात कन्नडमध्ये. माझ्या लग्नाच्या आधीच घरचं शेत विकून शहरात दुकान घातलेलं. त्याबद्दल अव्वा कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. पण आमच्याकडं मार्गशीर्षातली वेळ अमावास्या आली की घरात कुणी थांबत नाही, जो तो रानात जेवायला जातो. ज्वारीत कडब्याची खोप उभारतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, कुणीतरी डोक्यावर घोंगडं घेऊन रानाच्या कडेनं आंबील शिंपडत फिरतो, आणि मग भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर असं जेवण. भज्जी म्हणजे रानातली मिळेल ती हिरवी भाजी, शेंगा, हरभरा, सगळं एकत्र शिजवून केलेलं कालवण. ज्याचं रान, त्याचा त्या दिवशी थाट असतो. आणि ज्याला रान नाही, तो पाहुणा.

अव्वा कायमच्या पाहुण्या. त्यांची धाकटी बहीण चन्नव्वामावशी मैंदर्गीला असते. भरपूर शेती, भरपूर माणसं आणि आवाज त्याहून भरपूर. आम्ही दर वर्षी तिच्या रानात जायचो. ती प्रेमानं खाऊ घालायची आणि निघताना भज्जीचा डबा अव्वांच्या हातात देऊन म्हणायची, "घेऊन जा गं अक्का. तुला कुटं आता रान!"

मावशीच्या मनात काही नसायचं. पण अव्वा तो डबा मांडीवर घेऊन सोलापूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. मला ते दर वर्षी दिसायचं. त्या वर्षी मी गाडीतच बोलून बसले, "अव्वा, पुढच्या वेळ अमावास्येला मावशी आपल्या रानात येतील. भज्जी आपल्या भाजीची!"

अव्वांनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली. "खरं?"

"खरं."

बसवराजनी आरशातून माझ्याकडं असं बघितलं, जणू मी दुकानातल्या सगळ्या चादरी फुकट वाटल्या होत्या.

आता पाण्याचा बंदोबस्त करणं आलं. बसवराज म्हणाले, "ते माझ्यावर सोड." त्यांनी जेसीबी लावून प्लॉटच्या चारी बाजूंनी कमरेएवढा बांध घातला. रोज दुकान बंद करून यायचे आणि बांधावरून चालून बघायचे. "आता पाण्याची काय बिशाद आत यायची!" म्हणायचे. मलाही पटलं. आम्ही दोघं दुष्काळी मुलखात वाढलेले. पाणी कसं अडवायचं, साठवायचं, गाळायचं, पुरवायचं, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला कसं घालायचं हे आम्हाला झोपेतही येतं. नको असलेल्या पाण्याला वाट कशी करून द्यायची, हा प्रश्न मात्र आमच्या सात पिढ्यांत कुणाला पडलेला नव्हता.

अमावास्येच्या आदल्या दिवशी रान दृष्ट लागण्यासारखं होतं. मेथी, पावटा, वाटाणा, हरभरा आणि टपोरी वांगी. अव्वांनी स्वतः उभं राहून खोप बांधून घेतली. पाच पांडवांना चुनाही दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. सिद्राममामा येऊन म्हणाले, "आज रातच्याला पाणी सुटणार म्हन्त्यात, बाई."

"सुटू दे की मामा!" मी ऐटीत बांधाकडं हात केला. "आता बांध आहे."

मामांनी बांधाकडं बघितलं, पायाखालच्या मातीकडं बघितलं आणि तंबाखू मळत निघून गेले. मला वाटलं, जळले!

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडीकुंडी, आंबिलीचं मडकं, उंडे, खिरीचं पातेलं असं सगळं गाडीत घालून आम्ही पोचलो. गाडीतून पहिल्या अव्वा उतरल्या. बांधावर चढल्या आणि तिथंच थांबल्या.

पाणी बांध ओलांडून आलंच नव्हतं. बांधाला त्यानं हातही लावला नव्हता. ते जमिनीखालून पाझरून वर आलं होतं, आणि आता बसवराजच्या त्या भक्कम बांधामुळं त्याला बाहेर जायला वाट नव्हती. आम्ही पूर अडवला नव्हता, आम्ही त्याला हौद बांधून दिला होता! घोट्याच्या वर पाणी. मेथी पाण्याखाली डोलत होती. खोप एका अंगावर कलली होती.

"फोन कर चन्नीला," अव्वा हळूच म्हणाल्या. "सांग, येऊ नको. आपणच जाऊ तिकडं." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "सवय हाय मला."

त्या 'सवय हाय मला'नं मला रडूच आलं. मी म्हणाले, "नाही अव्वा. इथंच होणार. अहो, कुदळ घ्या! बांध फोडा!"

बसवराजनी कुदळ घेतली. रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, त्या बाजूच्या बांधाजवळ गेले. कुदळ डोक्यावर उचलली. आणि तशीच धरून उभे राहिले.

"काय झालं?"

"अगं..." त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता! "एवढं पाणी? सोडून द्यायचं?"

"सोडून द्यायचं!"

"नुसतं? ओढ्यात?" त्यांनी कुदळ खाली ठेवली. "घरी रिकामे कॅन किती आहेत गं?"

मी कपाळावर हात मारला. अव्वाही नकळत म्हणाल्या, "व्हय की, चार कॅन तर गाडीतच हायेत." आणि मायलेक, रान बुडत असताना, कॅन भरायला लागले! मी तरी काय वेगळी? मी खिरीचं पातेलं दुसरीकडं रिकामं करता येईल का, ते बघत होते.

शेवटी मला आठवण झाली की या घरात भूगोल मी शिकवते. कुदळ मीच उचलली. मी शास्त्रशुद्ध विचार केला. पाणी कॅनॉलच्या बाजूनं आलं. म्हणजे ते परत त्याच बाजूला जायला हवं. मी पदर खोचला, कॅनॉलच्या बाजूचा बांध गाठला आणि दात ओठ खाऊन घाव घातले. बांध फुटला!

त्या बांधापलीकडं कॅनॉलच्या कडेचा चर होता. तो काठोकाठ भरलेला होता आणि आमच्या रानापेक्षा उंच होता. म्हणजे इतका वेळ आमचा बांध निदान एवढं एक काम तरी प्रामाणिकपणे करत होता, ते मी बंद पाडलं. पाणी धबधब्यासारखं आत आलं. माझी चप्पल घेऊन गेलं. घोट्याएवढं होतं ते बघता बघता गुडघ्याएवढं झालं, आणि माझी वांगी देठासकट तरंगत प्लॉटभर हिंडायला लागली.

बसवराज भरलेला कॅन छातीशी धरून म्हणाले, "शैला, पाणी उताराकडं जातं ना गं?"

एवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. मैंदर्गीची जीप!

मावशी, काका, त्यांची दोन मुलं, सुना, नातवंडं, सगळे उतरले. मी चिखलानं माखलेली, एका पायात चप्पल, हातात कुदळ. अव्वा बांधावर मान खाली घालून बसलेल्या. मावशी बांधावर चढली आणि तिनं समोर बघितलं. मी मनातल्या मनात 'तुला कुटं रान'ची वाट बघत होते.

"अय्यय्यो!" मावशी म्हणाली. "एष्टु नीरु! केवढं पाणी गं अक्का, केवढं पाणी!"

आणि तिनं चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली. ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं. मागोमाग नातवंडं किंचाळत उतरली. काका बांधावर बसले, पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. मोठ्या सुनेनं मला सांगितलं, की यंदा त्यांच्या दोन्ही बोअर दिवाळीतच आटल्या, ज्वारी हातभर वाढून थांबली, पंधरा दिवस प्यायलासुद्धा विकतचं पाणी आहे. मावशीनं हे आम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. तीही शेवटी अव्वांचीच बहीण.

"अक्का, काय सोनं घेतलंस गं!" मावशी पाण्यातून ओरडली. "मार्गशीर्षात रानात गुडघाभर पाणी! तुझं नशीब म्हणजे काय!"

अव्वांनी मान वर केली. आधी बहिणीकडं बघितलं, मग पाण्याकडं. जणू ते पाणी त्यांना आत्ताच दिसलं. मग उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि रानमालकिणीच्या आवाजात म्हणाल्या, "बसू, घोंगडं घे. आंबील शिंपड. शैला, भाजी काढ. कुदळ ठेव आधी खाली!"

भाजी काढणं म्हणजे मी आणि दोन सुना पाण्यात हात घालून चाचपत होतो. मेथी धुवायची गरज नव्हती. वांगी पकडावी लागली. तिकडं बसवराज डोक्यावर घोंगडं आणि हातात मडकं घेऊन, सगळ्यांच्या आरोळ्यांत रानाच्या कडेनं निघाले. घोंगड्याचं टोक पाण्यात भिजलं, घोंगडं जड झालं, त्यानं त्यांना मागं ओढलं, आणि आमचे बसवराज पांडवांसमोर बसकण मारून गळ्यापर्यंत पाण्यात! मडकं हातातून सुटलं आणि डुलत डुलत रानाच्या मध्यावर जाऊन कलंडलं. आंबील चारी दिशांना पसरली.

अव्वांनी पसरत जाणाऱ्या आंबिलीकडं बघून हात जोडले. "सगळीकडं पोचली," त्या म्हणाल्या. "एवढी चांगली तर कुणाच्याच रानात पोचत न्हाई."

सिद्राममामांच्या चुलीवर भज्जी शिजवली आणि बांधावर एका रांगेत बसून जेवलो, पाय पाण्यात, ताट मांडीवर. कमरेएवढ्या त्या बांधाचा एवढा एकच उपयोग झाला, पण तो फार चांगला झाला. मामांनी तीन वेळा भज्जी मागून घेतली. बसवराज चादर गुंडाळून जेवत होते. मावशी मधूनच पाय हलवून पाण्याचा आवाज करायची आणि अव्वांकडं बघून हसायची. दोघी साठी उलटलेल्या, पण त्या वेळी मला त्या परकर नेसून ओढ्यावर बसलेल्या दिसल्या.

निघताना मावशी जरा घुटमळली. "अक्का, कॅन भरलेले दिसत्यात. एखादा नेऊ का? अंगणात लिंब हाय गं, वाळायला लागलंय."

अव्वांनी चारही कॅन जीपमध्ये ठेवायला लावले. मग मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "घेऊन जा गं चन्नी. तुला कुटं एवढं पाणी!"

मावशीनं बहिणीकडं रोखून बघितलं. इतक्या वर्षांचे डबे तिला त्या क्षणी आठवले असावेत, कारण तिचे डोळे भरले. "मी असं म्हणायची व्हय गं अक्का?" ती म्हणाली. अव्वा "व्हय" म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसायला लागल्या, की काकांनी घाबरून जीप बंद केली. परतताना अव्वांनी एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही. सोलापूर येईपर्यंत बोलत होत्या, तेही कन्नडमध्ये.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण यंदा अव्वांनी मावशीबरोबर मैंदर्गीच्या तिच्या शेजारणींनाही आवतण दिलं. "पाण्यात पाय सोडून जेवायला या!" आणि यंदा नेमकं कॅनॉलचं पाणी लांबलं. वेळ अमावास्या तोंडावर आली तरी रान ठणठणीत कोरडं! माझी बाग पहिल्यांदाच हिवाळ्यात जिवंत राहिली होती. वांगी तर अशी, की फोटो काढून शाळेत सगळ्यांना पाठवावेत. मी आनंदानं अव्वांना दाखवायला नेलं. अव्वा बांधावर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"वांगी तर समद्यांच्याच रानात असत्यात गं," त्या म्हणाल्या. "चन्नीला काय दाखवू?"

मी तो चेहरा बघितला आणि टँकरवाल्याला फोन लावला.

टँकर आला. ड्रायव्हरनं पाइप काढला आणि इकडं तिकडं बघितलं. "टाकी कुटं हाय, बाई?"

"टाकी नाही. इथंच सोडा, वांग्यात."

"वांग्यात एवढं पाणी? बुडत्याल की!"

"बुडू द्या. गुडघ्याएवढं झालं की सांगा, मी मोजते. दुसरा टँकर किती वेळानं आणाल?"

सोलापुरात हयात गेलेल्या त्या माणसानं पाइप हातात धरून माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पाणी सोडलं, आणि हिवाळ्यात पहिल्यांदाच जगलेली वांगी माझ्याच डोळ्यांदेखत पाण्यात गेली. थोड्या वेळानं न राहवून त्यानं विचारलं, "बाई, तुमी करता काय?"

"शाळेत शिक्षिका आहे."

"काय शिकवता?"

मी तरंगायला लागलेल्या वांग्यांकडं बघितलं, बांधाकडं बघितलं आणि म्हणाले, "चित्रकला."